सगळे दात काढायला आलेल्या मावशी आणि एक इम्प्लांट

एप्रिलचा शेवटचा आठवडा. साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात तिशीतला एक मुलगा आईला घेऊन आला आणि बसायच्या आधीच त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर जाहिरात होती: तीन दिवसांत पक्के दात. "मॅडम, आईचे सगळे काढून टाकायचेत आणि हे बसवायचेत. किती होतील?"

आई खुर्चीच्या कडेला बसून, तोंडावर पदर धरून ऐकत होती. तिची तक्रार वेगळीच निघाली. "भाकरी चावत न्हाई. डाव्या अंगाची दाढ लई हलतीय, दाबली की घाण चव येती." सगळे दात काढायची कल्पना तिची नव्हतीच. आधी दाखवलेल्या एका दवाखान्यात सांगितले होते की हिरड्या गेल्यात, आहेत ते २६ काढा, इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर, नवीन बसवू. मुलाला ते पटले होते. एकदाच काय तो खर्च, मग कटकट संपली, असा त्याचा हिशोब होता.

मी हिरड्यांची डॉक्टर, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. हा शब्द इथे कोणी उच्चारत नाही, "हिरड्यांच्या मॅडम" म्हटले की पुरते. हे प्रकरण त्या बाईंच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बाजूला ठेवून लिहिते आहे. दवाखान्यात मी त्यांना मावशी म्हणते, इथेही तेच म्हणेन.

वय ५३. घरी दोन म्हशी, थोडे शेत. मधुमेह सात वर्षांपासून आणि त्याची गोळी "ध्यानात आली की". रक्तदाब नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत, हाडे ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन घेतलेले नाही. हा शेवटचा प्रश्न इम्प्लांटचे नाव काढणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, कारण त्या गटातल्या काही औषधांनंतर जबड्याचे हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येत नाही, उघडे पडते. मग तंबाखूचा प्रश्न. "छ्या! आमच्यात बायामाणसं तंबाकू खात न्हाईत." मी कागदावर "नाही" लिहून पुढे गेले. या प्रकरणातली ही माझी चूक, तिच्याकडे परत यायचेच आहे.

१५६ जागा

हिरडीचा रोग नुसता बघून कळत नाही. प्रोब नावाची एक बोथट टोकाची बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती हलकेच उतरवायची आणि किती आत जाते ते बघायचे. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर जाते. त्याहून आत जायला लागली की दाताला धरून ठेवणारे तंतू सुटलेत आणि खालचे हाड झिजलेय असे समजायचे. अशा खोल फटीला आम्ही पॉकेट म्हणतो. प्रत्येक दाताच्या सहा जागी मोजायचे. मावशींचे २६ दात, म्हणजे १५६ जागा. मी आकडे सांगत गेले, माझी सहायक लिहीत गेली, आणि मुलगा मोबाइल खिशात ठेवून ऐकायला लागला.

४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल जागा ८८. त्यातल्या ६ किंवा त्याहून खोल ३७. प्रोब लावल्यावर रक्त आले अशा ९४. डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ, जिच्यासाठी त्या आल्या होत्या, तिथे प्रोब ११ मिलिमीटर गेला आणि बोटाने दाबल्यावर पू आला. दोन मुळांच्या मधून सळई आरपार जात होती. एक्स-रेत त्या दाढेभोवती हाड नव्हतेच, मुळांच्या टोकापर्यंत काळे. खालचे पुढचे चार दात हलत होते. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ दोन वर्षांपूर्वीच काढलेली, आणि वरची उजवी दुसरी मोठी दाढ त्याआधी कधीतरी आपोआप पडलेली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, एचबीएवनसी, ९.१ आली.

हिरड्यांच्या रोगाची आज जगभर वापरतात ती वर्गवारी २०१७ च्या परिषदेत ठरली आणि २०१८ मध्ये छापून आली. रोग किती झालाय हे पायरीने सांगायचे, पहिली ते चौथी, आणि तो किती वेगाने वाढेल हे ए, बी, सी या श्रेणीने. मावशी तिसऱ्या पायरीवर. एचबीएवनसी ७ किंवा वर असली की श्रेणी थेट सी होते. म्हणजे रोग जास्त आणि वेगही जास्त.

पण याच तक्त्यावर दुसरीही गोष्ट लिहिलेली होती. १५६ पैकी ६८ जागा ठीक होत्या. २६ पैकी खरोखर जाणारा दात एकच होता. बाकीच्यांना कमीअधिक हाड शिल्लक होते, आणि चार-पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधला बराच भाग नुसत्या नीट सफाईने आवळतो, हा रोजचा अनुभव आहे.

मुलाला मी जे सांगितले ते त्याला पहिल्यांदा आवडले नाही. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो किडत नाही हे खरे. पण हिरड्यांच्या रोगाचे जंतू दाताच्या किडीवर जगत नाहीत, ते हिरडीच्या काठावरच्या थरात राहतात, आणि तो थर स्क्रूभोवतीही तसाच बसतो. उलट स्क्रूची बाजू लंगडी असते. खऱ्या दाताभोवतीचे तंतू दाताच्या मुळामध्ये आडवे शिरलेले असतात, दोरीने बांधल्यासारखे, त्यामुळे सूज खाली उतरायला अडथळा येतो. स्क्रूच्या गुळगुळीत मानेत तंतू शिरत नाहीत, नुसते शेजारून जातात. सूज एकदा सुरू झाली की हाडापर्यंत पोचायला तिला कमी वेळ लागतो. ज्यांचे दात हिरड्यांच्या रोगाने गेले त्यांच्या इम्प्लांटना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

"म्हणजे घर वाळवीनं खाल्लंय आणि आपण नवीन चौकट बसवतोय," मुलगा म्हणाला. उपमा त्याची, माझी नाही. बांधकामावर काम करतो तो.

सगळे दात काढून इम्प्लांटवर पूर्ण जबडा बसवणे कधीच बरोबर नसते असे मी म्हणणार नाही. दातांना हाडच उरले नसेल तर तोच मार्ग असतो आणि चांगल्या हातात तो टिकतो. मावशींची वेळ ती नव्हती, इतकेच.

सफाई, आणि "तुम्ही दात हलवले"

मे महिन्यात चार वेळा बोलावले. प्रत्येक वेळी तोंडाचा एक चतुर्थांश भाग, सुन्न करून. आधी पाण्याच्या फवाऱ्यासह थरथरणारे मशीन, मग हाताने चालवायची बाकदार हत्यारे. हिरडीच्या वर दिसणारा पिवळा खडा, म्हणजे साचून कडक झालेला थर, मशीनने सहज सुटतो. हिरडीच्या खाली मुळावर बसलेला खडा काळा, काचेसारखा कडक आणि चिकट असतो, तो हाताने खरवडावा लागतो. हत्यार मुळावरून फिरताना खरखर जाणवते, आणि ती थांबून गुळगुळीत लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. त्या कामात डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त दिसते.

दुसऱ्या भेटीत दाढ काढली. ती काढायला जोर असा लागलाच नाही. वरची दाढ काढली की डोळ्याची नस जाते असे गावाकडे म्हणतात, ते अर्थात खरे नाही. ही तर खालची होती, तरी त्या मला दोनदा विचारून गेल्या.

चौथ्या भेटीत मावशी रागावूनच आल्या. "आधी बरं व्हतं. आता फटी पडल्या, पुढचे दात जास्त हलत्यात. गार पानी लागतंय. शेजारीन म्हनलीच व्हती, सफाई करू नगं, दात ढिलं व्हत्यात."

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि दर वेळी नीट उत्तर देते, कारण रुग्णाला दिसते ते खोटे नसते. खडा दातांच्या मध्ये सिमेंटसारखा बसलेला असतो. हाड गेलेल्या दातांना तोच एकमेकांशी चिकटवून धरतो, म्हणून ते घट्ट वाटतात. सुजलेली हिरडी फट भरून टाकते. खडा निघाला, सूज उतरली, की आधीच झालेले नुकसान उघडे पडते. उघडे पडलेले मूळ गार पाण्याला काही आठवडे ठणकते, मग कमी होते. मावशींना मी आरसा दिला आणि ट्रेमधले काळे तुकडे दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे माज्या तोंडात व्हतं?" पुढच्या खालच्या चार दातांना मागून बारीक तंतूंची पट्टी चिकटवून ते एकमेकांना बांधले. त्यानंतर शेजारणीचे नाव पुन्हा निघाले नाही.

घरी करायचे काम दोन गोष्टींवर आणले. मऊ ब्रश हिरडीच्या काठाशी तिरपा धरून फिरवायचा, आणि दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशाच्या आकाराचा पण काडीएवढा. औषधी चूळ दोन आठवडेच दिली. जास्त दिवस वापरली की दातांवर तपकिरी डाग येतात आणि जिभेची चव जाते. मधुमेहाच्या गोळीसाठी त्यांना गावातल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले, सोबत चिठ्ठी.

फेरतपासणी जूनच्या शेवटी ठरली होती. मावशी आल्या नाहीत. माउलींची पालखी लोणंदला आली होती आणि त्या तिथून पंढरपूरला चालत गेल्या. दर वर्षी जातात. मीच तारीख देताना आषाढी बघायला हवी होती.

मिश्रीची डबी

जुलैच्या अखेरीस त्या आल्या, उन्हाने काळवंडलेल्या पण प्रसन्न. पुन्हा पूर्ण तक्ता भरला. दाढ काढल्याने आता २५ दात, १५० जागा. ६ मिलिमीटरपेक्षा कमी नसलेली पॉकेट्स ३७ वरून २२ वर आली होती. ऐकायला बरे वाटते. पण ३७ पैकी ६ त्या काढलेल्या दाढेचीच होती, म्हणजे उपचाराने खरोखर सुधारलेल्या जागा फक्त ९. इतकी मेहनत घेतल्यावर माझी अपेक्षा याच्या दुपटीची होती.

साखरेकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते. एचबीएवनसी ८.४ होती. पण एक गोष्ट खटकत होती. खालच्या पुढच्या दातांची बाहेरची हिरडी आणि डावीकडच्या वरच्या दाढांच्या गालाकडचा भाग, या दोनच ठिकाणी हिरडी फिकट, चिवट, सुरकुतलेली, आणि दातांवर तीन महिन्यांत परत काळपट थर. चहाचा डाग असा ठराविक जागी बसत नाही. मी विचारले, "मावशी, दात कशाने घासता?"

"ब्रशनं. तुम्ही दिलाय त्यानं."

"त्याच्या आधी? किंवा नंतर?"

सूनबाई सोबत होत्या, त्या खुदकन हसल्या. मावशींनी कमरेच्या पिशवीतून पत्र्याची एक चपटी डबी काढली. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. सकाळी पाचला म्हशींची धार काढायच्या आधी एकदा, दुपारच्या जेवणानंतर, आणि रात्री. बोटावर घेऊन दातांना नि हिरड्यांना लावायची आणि बसून राहायचे, पंधरा-वीस मिनिटे.

"अवो, पन ही तंबाकू न्हवं. ही तर दात घासायची मिश्री. हिच्याबिगर सकाळी पोट साफ व्हत न्हाई."

मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. आमच्या केस पेपरवर "तंबाखू: होय / नाही" एवढेच छापलेले होते. मी याच मातीतली, माझ्या आजीच्या कनवटीलाही अशीच डबी असायची, आणि तरी मी तो प्रश्न पुस्तकातल्यासारखा विचारला. आता आमच्या कागदावर मिश्री, तपकीर, गुल, मावा, सुपारी, असे वेगवेगळे विचारले आहे. तपकीर दातांना लावणाऱ्या बायकाही काही कमी नाहीत.

निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जखम भरायला लागणारा पुरवठाच कमी पडतो. वर मिश्रीची पूड खरखरीत, ती दात आणि मुळे झिजवते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. मी त्यांच्या गालाची आतली बाजू, जीभ, जिभेखालची जागा पुन्हा नीट तपासली. पांढरा चट्टा नव्हता. मुलाला मी स्पष्ट सांगितले की मिश्री चालू असेल तर इम्प्लांट मी लावणार नाही. पैसे घेऊन स्क्रू बसवता येतो, टिकवता येत नाही.

सोडणे सरळ झाले नाही. पहिल्या आठवड्यात दुपारची आणि रात्रीची सुटली, सकाळची राहिली. पोट साफ होत नाही ही तक्रार लोक हसण्यावारी नेतात, पण निकोटिनने आतड्याची हालचाल खरोखर वाढते आणि ते बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. कोमट पाणी, इसबगोल, आणि धीर. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत फोन आहे. सूनबाईंनी तो लावून दिला, मावशी दोनदा बोलल्या आणि म्हणाल्या की पोरगी बोलायला चांगली आहे. गौरी-गणपतीत माहेरच्या बायका जमल्या तेव्हा पुन्हा डबी फिरली. सप्टेंबरच्या मध्यापासून बंद.

मग एक दिवस फोन. "म्याडम, मिश्री सोडल्यापास्नं ब्रश केला की रगत येतंय. मिश्रीनं हिरड्या पक्क्या व्हत्या." हेही सिगारेट सोडणाऱ्यांत दिसलेले आहे. आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या की दडून बसलेली सूज रक्ताच्या रूपाने दिसायला लागते. आधी रक्त येत नव्हते ते हिरड्या पक्क्या होत्या म्हणून नव्हे. मी एवढेच म्हटले की ब्रश चालू ठेवा, सोडलात तर वाढेल. तीन आठवड्यांत कमी झाले.

खोल जागांची सफाई पुन्हा एकदा केली. नवरात्रात तक्ता भरला तेव्हा ६ आणि त्याहून खोल जागा ९ उरल्या, रक्त येणाऱ्या ३३. एचबीएवनसी ७.४. साखर आणि हिरड्या एकमेकींना ओढतात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात हे लोकांना माहीत असते. हिरड्यांची सूज उतरवल्यावर एचबीएवनसी साधारण ०.४ ने उतरते, हे कमी जणांना माहीत असते. मावशींच्या बाबतीत बाकीचे श्रेय अर्थातच रोज वेळेवर घेतलेल्या गोळीचे.

दिवाळीनंतर डाव्या बाजूला हिरडी उघडून राहिलेली पॉकेट्स साफ केली, टाके दहा दिवसांनी काढले. जानेवारीत खोल जागा २, दोन्ही वरच्या डाव्या शेवटच्या दाढेच्या, जिथे तीन मुळांच्या बेचक्यात हत्यार पोचत नाही. १५० पैकी २१ जागी रक्त, म्हणजे १४ टक्के. दातांवरचा थरही बराच कमी. आता स्क्रूचे बोलायला हरकत नव्हती.

एकच का

मुलाला वाटत होते, दोन्ही बाजूंना एकेक. थ्री-डी स्कॅन केला. डावीकडे दाढ काढून नऊ महिने झाले होते. हाडाची रुंदी ७.५ मिलिमीटर, आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस ११ मिलिमीटर खोल. नसेपासून निदान २ मिलिमीटर लांब राहायचे असते, म्हणून स्क्रूची लांबी ८.५ ठरली, जाडी ४.२. दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटरहून थोडे जास्त हाड उरत होते.

उजवीकडे रुंदी जेमतेम ४. दाढ काढल्यावर कडेचे हाड पहिल्या वर्षात निम्म्यापर्यंत आटू शकते, त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. तिथे आधी कृत्रिम हाड भरावे लागले असते, मग आणखी सहा महिने थांबणे, मग स्क्रू. खर्च जवळजवळ दुप्पट. मी म्हटले की ती जागा रिकामी राहू द्या. उजवीकडे पुढच्या दोन दाढा आणि मागची एक आहे, डावी बाजू पक्की झाली की मावशी भाकरी खातील. तोंडातली प्रत्येक फट भरलीच पाहिजे असा नियम नाही, जरी आमच्या धंद्यात तो असल्यासारखे बोलले जाते. वरच्या पडलेल्या दाढेचा तर विषयच काढला नाही.

फेब्रुवारीत इम्प्लांट लावला. आदल्या आठवड्यात एचबीएवनसी ७.०, त्या सकाळी नाश्त्यानंतर साखर १३८. हिरडी उघडून हाडाला बारीक ड्रिलने पहिले भोक, मग एकेक जाड ड्रिल. वर सतत गार सलाइन सोडायचे. हाड ४७ अंशांवर एक मिनिट तापले तरी पेशी मरतात आणि स्क्रूभोवती हाडाऐवजी नुसता तंतूंचा थर येतो. हातपंपाचे बोअर पाडताना पाणी सोडतात तसेच, असे मी सांगत होते, तेव्हा मावशींनी हात वर केला. मी थांबले.

"म्याडम, दुखत न्हाई. पन भितीत खुंटी मारल्यावानी वाटतंय."

खुंटीच होती ती. १९५२ मध्ये स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे एक उपकरण बसवले होते, रक्तपुरवठा बघण्यासाठी. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना, हाड त्याला धरून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू लावले. टायटॅनियमच्या बाबतीत हाड परकेपणा करत नाही, हे त्या न निघालेल्या उपकरणातून कळले. तीन दिवसांच्या जाहिरातीत हाड स्क्रूला धरेपर्यंत वाट बघण्याची ही पायरी कुठे जाते, हे मी त्या मुलाला विचारले होते. काही ठिकाणी पुरेसे घट्ट बसलेले स्क्रू लगेच जोडता येतात, तेही खरे. मावशींच्या हाडात मला घाई करायची नव्हती. स्क्रू ३५ न्यूटन सेंटीमीटर एवढ्या पिळाने घट्ट बसला, वर झाकण, हिरडी शिवून बंद. संध्याकाळी त्या घरी जाऊन दुसऱ्या दिवशी धार काढायला बसल्या, जे मी नको म्हटले होते.

मेच्या शेवटी कॅप, म्हणजे स्क्रूवरचा दिसणारा दात, बसली. ती सिमेंटने न चिकटवता स्क्रूने आवळली. सिमेंटचा कण हिरडीखाली राहून गेला की तिथेच सूज धरते, आणि पुढेमागे कॅप काढायची वेळ आली तर स्क्रूची सोडवता येते. स्क्रूच्या भोकात नळावर गुंडाळतात तसली पांढरी टेफ्लॉनची पट्टी दाबायची आणि वरून दाताच्या रंगाचे फिलिंग. लॅबने पहिल्यांदा पाठवलेली कॅप मी परत पाठवली. दिसायला सुंदर होती, पण खाली इतकी फुगीर की फटीचा ब्रश जायलाच जागा नव्हती. मावशींनी स्वतः आरशात बघून ब्रश आरपार घालून दाखवला, मगच कॅप आवळली. त्या दिवशीचा एक्स-रे फाइलला लावला, पुढे हाड उतरले का हे त्याच्याशीच ताडून बघायचे असते.

एका दाताला तेरा महिने. हिरड्यांच्या सगळ्या उपचारांचे बिल मिळून त्या एका इम्प्लांटपेक्षा कमी आले, आणि त्यात २५ दात राहिले.

सेफ्टी पिन

त्यानंतर दर तीन महिन्यांनी. सप्टेंबर ठीक. डिसेंबरला इम्प्लांटच्या आतल्या बाजूला प्रोब लावल्यावर रक्त आले. खोली ४ मिलिमीटर, एक्स-रेत हाड जागेवर. म्हणजे सूज हिरडीतच होती, अजून खाली उतरलेली नव्हती. अशा वेळी ती परतवता येते, म्हणूनच तीन महिन्यांचा हट्ट धरायचा. फटीचा ब्रश दाखवा म्हटले. त्याला केस उरले नव्हते, नुसती तार. गावच्या मेडिकलमध्ये तो मिळत नाही आणि मुलगा पुण्याला कामावर गेलेला, सांगायचे कोणाला म्हणून मावशींनी दोन महिने त्या तारेनेच काढले होते. तेही संपल्यावर मंगळसूत्राला लावलेली सेफ्टी पिन. कॅपच्या कडेला हिरडीवर ओरखडा स्पष्ट होता.

मी कॅपभोवती साफ केले, ब्रशची सहा पाकिटे दवाखान्यातूनच दिली आणि पिन मागितली. दिली नाही. "ती पदराला लागती." बरोबर होते, तिचे ते खरे काम. दातात घालणार नाही असे कबूल करून घेतले.

मार्चला रक्त नव्हते. इम्प्लांटभोवती सगळीकडे ३ मिलिमीटर. वरच्या डाव्या शेवटच्या दाढेचे ते पॉकेट ६ वरच अडून बसले आहे. तिचे एक मूळ कापून काढता येईल, पण मावशी आता हात लावू देत नाहीत आणि दाढ दुखत नाही, हलतही नाही. तूर्त नुसती सफाई करून लक्ष ठेवते आहे. मिश्री? संक्रांतीला हळदीकुंकवाला गेल्या होत्या तिथे एकदा लावली, हे त्यांनी आपणहून सांगितले. सूनबाईंना माहीत नव्हते.

पुढची तारीख जूनच्या अखेरची येत होती. मी कॅलेंडरवर आषाढी बघितली आणि पालखी आळंदीहून निघायच्या आधीचा सोमवार दिला.